एसटी स्टँडचं वेळापत्रक प्रोजेक्टला घेतलंय, सर म्हणतात "हे पोस्टर झालं". इन्फर्मेशन डिझाइन शिकायचं कसं?

अक्षरवेडी_सांगली

नमस्कार सगळ्यांना. मी अप्लाइड आर्टच्या तिसऱ्या वर्षाला आहे, या सेमिस्टरला इन्फर्मेशन डिझाइन आणि टायपोग्राफी असे दोन विषय आलेत आणि दोन्हीला मिळून एकच प्रोजेक्ट आहे, म्हणजे लोक रोज वापरतात अशी एखादी माहिती घ्यायची आणि ती नीट मांडायची. वर्गात बऱ्याच जणांनी कॅफेचं मेनूकार्ड घेतलं, कुणी जिमचं अ‍ॅप घेतलं, मी आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडचं वेळापत्रक घेतलं. लहानपणी आजीबरोबर त्या बोर्डाखाली कितीदा उभी राहिलेय, ती म्हणायची "बघ गं, विट्याची कवा हाय" आणि मी वाचून सांगायचे, त्यामुळे हाच विषय घ्यायचा हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं.

चौकशीच्या खिडकीवरच्या कंट्रोलर काकांनी अख्खी यादी दिली, एकूण १३७ फेऱ्या. वेळ, कुठे, मार्गे, साधी का जलद का निमआराम, फलाट, आणि शेरा, म्हणजे रविवारी बंद, शाळेच्या दिवशीच, मुक्कामी वगैरे. सगळं एक्सेलला भरलं. मग सात दिशांना सात रंग दिले, प्रत्येक प्रकाराला आयकॉन काढला, मुक्कामी गाडीला चंद्र, शाळेच्या गाडीला दप्तर, मध्ये तालुक्याचा गोल नकाशा आणि त्यातून किरणांसारखे रस्ते. तीन आठवडे रात्री जागून केलं आणि मला ते खरंच आवडलं होतं.

क्रिटला, म्हणजे वर्गात सगळ्यांची कामं लावून त्यावर चर्चा होते तेव्हा, सर दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "हे पोस्टर झालं. वेळापत्रक कुठाय?" मग म्हणाले कागद भिंतीला लाव, दहा पावलं मागं जा आणि दुपारी एकनंतरची पंढरपूरची पहिली गाडी सांग. मैत्रिणीनं मोबाईलवर वेळ लावली. मला ४० सेकंद लागली, मी स्वतः टाइप केलेल्या यादीतून! आणि सांगितली ती पण चुकीची, ९:१५ ला मी १:१५ वाचलं.

तर माझे प्रश्न असे की सुरुवात कुठून करायची, टाइप आधी का माहिती आधी? पुस्तकांतले नियम सगळे इंग्रजी टाइपचे आहेत, ते देवनागरीला लावले की काहीतरी बिघडतं पण काय बिघडतं ते कळत नाही. आणि आकड्यांचं काय करू? सबमिशनला पाच आठवडे आहेत. कृपया नीट सांगा, मला हा विषय मनापासून शिकायचाय.

मधली_ओळ

पोरी, विषय फार चांगला घेतलायस, आधी ते सांगते. मी पुण्यात नऊ वर्षं हेच काम करते, हॉस्पिटलचे फॉर्म, विम्याची पत्रं, सोसायट्यांची बिलं, ज्यावर कुणाचं नाव येत नाही असं सगळं.

तुझ्या सरांनी जे केलं ना, कागद भिंतीला लावून शोधायला लावलं, त्यातच अख्खा इन्फर्मेशन डिझाइनचा पेपर आहे. तू माहितीला रूप दिलंस पण माहितीला प्रश्न विचारला नाहीस. आता लॅपटॉप बंद कर आणि वही घेऊन स्टँडवर जाऊन दोन तास बस, चौकशीच्या खिडकीशेजारी. लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दात लिही, सुधारून लिहू नको. माझा अंदाज सांगते, दहातले आठ प्रश्न गावाच्या नावानं सुरू होतील, "विट्याला आता कधी?", "मिरज लागलीय का?", "पंढरपूर थेट हाय का बदलावी लागंल?" वेळेनं सुरू होणारा प्रश्न क्वचित. आणि तुझी यादी कशी असणार? कंट्रोलरकडून आलेली म्हणजे पहाटेपासून रात्रीपर्यंत वेळेनुसार, कारण त्याला गाड्या सोडायच्या असतात, त्याच्यासाठी तीच रचना बरोबर आहे. प्रवाशाला गाव आधी लागतं. तीच माहिती पण माणूस बदलला की क्रम बदलतो.

रिचर्ड सॉल वुर्मन नावाचा माणूस म्हणायचा की माहिती लावायचे मार्ग मोजून पाच आहेत, जागेप्रमाणे, अक्षरांप्रमाणे, काळाप्रमाणे, प्रकाराप्रमाणे आणि लहानमोठेपणाप्रमाणे. तू जागेप्रमाणे लावलीस, नकाशा काढून. पण स्टँडवर उभ्या माणसाला विटा कुठल्या दिशेला आहे ते माहीतच असतं, तो तिथलाच असतो! त्याला गावाचं नाव पटकन सापडायला हवं, म्हणजे गावं अकारविल्हे, आणि प्रत्येक गावाखाली वेळा चढत्या क्रमानं. एवढं केलंस तरी तुझी ४० सेकंद दहावर येतील.

नकाशाचा मोह का होतो ते मला माहितीये, सगळ्यांना लंडनच्या ट्यूबचा, म्हणजे भुयारी रेल्वेचा नकाशा शिकवतात. हॅरी बेकनं तो १९३१ ला काढला आणि १९३३ ला छापला गेला. तो इलेक्ट्रिकल ड्राफ्ट्समन होता आणि त्यानं खरी अंतरं, खरी वळणं सोडून दिली, फक्त आडव्या उभ्या आणि ४५ अंशाच्या रेघा ठेवल्या, कारण जमिनीखालच्या माणसाला वर रस्ता कसा वळतो त्याच्याशी देणंघेणं नाही, कुठे उतरायचं आणि कुठे बदलायचं एवढंच हवं. आपण विद्यार्थी त्यातल्या रंगीत रेघा उचलतो. उचलायचं होतं ते त्यानं काय काय गाळलं हे.

रंगांचं पण बघ, सात रंग लक्षात ठेवायला सूची बघावी लागते, म्हणजे डोळा वर खाली करत बसतो. एक रंग ठेव, आणि तोसुद्धा "रोज नसते" एवढ्याच गोष्टीसाठी. चुकलं तर माणूस रात्री स्टँडवर अडकतो अशी ती एकच माहिती आहे. चंद्राचं आयकॉन काढून टाक आणि "मुक्कामी" हा शब्द लिही. त्या शब्दाला खेड्यात जेवढा अर्थ आहे तेवढा कुठल्या चित्राला येणार नाही.

घरी कालनिर्णय असेल ना, त्याचा एक चौकोन कापून टेबलावर ठेव. १९७३ पासून घरोघरी आहे. तारीख केवढी मोठी, तिथी केवढी, नक्षत्र कुठे, लाल कशाला. भिंतीपासून लांब उभं राहिलं की तारीख दिसते, जवळ गेलं की तिथी दिसते, अजून जवळ गेलं की बाकीचं. एकाच चौकोनात तीन अंतरावरचे तीन वाचक सांभाळलेत, आणि तरी आईला दुधाचा आकडा लिहायला जागा उरते. मी नोकरीला लागल्यावर हे बघायला शिकले, तू आत्ताच बघ.

जुळारी

मी डिझायनर नाही, पण हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. सातारा जिल्ह्यात आमचा छापखाना होता, वडिलांनी चालवला, नंतर मी चालवला, आधी खिळ्यांचा, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून छापायचा, मग ऑफसेट. मी वयाच्या चौदाव्या वर्षापासून केसवर, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीसमोर उभा होतो.

पोरीनं आकड्यांचं विचारलंय म्हणून सांगतो. आमच्याकडे आकड्यांचे खिळे सगळे एका रुंदीचे यायचे, एक असो नाहीतर आठ असो. सहकारी सोसायटीचे अहवाल, ताळेबंद, बाजारभावाचे तक्ते जुळवताना ओळीखाली ओळ लावली की एकंखाली एकं आणि दहंखाली दहं आपोआप यायचं, काही करावं लागायचं नाही. वडील जुळवलेला तक्ता स्टिकमधून (हातातल्या जुळणीच्या पट्टीतून) गॅलीवर (ताटलीवर) घेतला की बोटानं वरून खाली चाचपून बघायचे, कुठे केसाएवढं इकडं तिकडं झालं तर बोटाला कळायचं, डोळ्याला कळायच्या आधी. आता कॉम्प्युटरच्या पुष्कळ फॉन्टात १ अरुंद आणि ८ रुंद असतो, मजकुरात छान दिसतं पण रकान्यात आकडे नाचतात. ११११ आणि ८८८८ खाली खाली टाइप कर, दोन्हींची लांबी सारखी आली तर तो फॉन्ट तक्त्याला घे, नाहीतर दुसरा बघ.

दुसरं रेघांचं. तू चौकटी केल्या असशील, उभ्या आडव्या. आमच्याकडे उभा रूळ, म्हणजे रेघ छापायची धातूची पट्टी, म्हणजे मेहनत, प्रत्येक रूळ कापायचा, सांधे जुळवायचे, छापताना ते वर यायचे आणि कागद फाटायचा. त्यामुळं वडिलांचा नियम होता की जागा सोडून काम होत असेल तर रूळ घालायचा नाही. पंचांगाचं पान जुळवणारे जुने लोक याच्यात वस्ताद, एवढ्याशा पानात वार, तिथी, नक्षत्र, योग, करण, घटका पळं, आणि तरी भटजी बरोबर ओळीवर बोट ठेवायचे. पाच ओळी झाल्या की थोडी जागा जास्त सोडायची, डोळा तिथं टेकतो. तुझ्या विट्याच्या वीस गाड्या असतील तर पाच पाच करून सोड.

देवनागरीचं म्हणाल तर एका मराठी फाँटला इतके खिळे लागायचे की केस उभी आडवी पसरलेली असायची, नवीन पोराला जोडाक्षरं कुठल्या घरात आहेत हे पाठ व्हायलाच वर्ष जायचं. टिळकांनी सुद्धा खिळे कमी करण्यासाठी डोकं लावलं होतं. त्याच्याही आधी मुंबईला जावजी दादाजींनी निर्णयसागर काढला १८६९ ला, त्यांची संस्कृत पुस्तकं मिळाली तर बघ, एवढ्या बारीक टाइपात मात्रा आणि उकार कसे एकमेकांना न लागता बसलेत. आमचे वडील ते पुस्तक हातात घेतलं की आधी वास घ्यायचे आणि मग भिंग काढायचे.

कानामात्रा

काकांचं अकरा-आठचं लाखमोलाचं आहे, मी शिकवताना आता हेच सांगणार.

मी टाइप डिझाइन करतो म्हणून देवनागरीत नक्की काय बिघडतं तेवढंच सांगतो. इंग्रजी पुस्तकातला ओळींमधल्या अंतराचा आकडा तू जसाच्या तसा घेतेस, साधारण टाइपच्या १२० टक्के. इंग्रजीला वर थोडं खाली थोडं लागतं, आपल्याकडे शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा पाय. "कुर्डुवाडी" लिही आणि त्याच्या बरोबर खाली "र्‍हस्व"सारखा अवघड शब्द नको, साधं "पैठण" लिही, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांमध्ये घुसतात. मजकुराला १५० टक्क्यांच्या आसपास सुरुवात कर आणि डोळ्यानं कमी जास्त कर. तक्त्यात मात्र ओळी सुट्या असतात त्यामुळे थोडं कमी चालतं.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नको. इंग्रजी कॅपिटल्समध्ये ते छान दिसतं म्हणून सगळे करतात, आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्दाचा दोरा निघाल्यासारखी अक्षरं सुटी होतात. तिरपं पण करू नको, बहुतेक देवनागरी फॉन्टना खरं तिरपं रूप नसतंच, सॉफ्टवेअर नुसतं ढकलून वाकवतं. कॅपिटल आपल्याकडे नाहीत आणि तिरपं पण गेलं, म्हणजे लहानमोठं दाखवायला उरलं काय, तर आकार, जाडी आणि जागा. वाईट वाटून घेऊ नको, तीन हत्यारं पुष्कळ झाली. फक्त जाड वजन, म्हणजे फॉन्टचं ठळक रूप, भिंतीवर लांबून वाचायचं असेल तर क्ष, ज्ञ, झ यांच्या पोटातली पांढरी जागा भरतेय का बघ. गूगल फॉन्ट्सवर "एक टाइप" नावाच्या फाउंड्रीचा मुक्ता हा फॉन्ट आहे, सात वजनं आहेत, त्यातली दोनच घे आणि बाकी पाच विसर.

मराठीची म्हणून दोन गोष्टी. एक, ल आणि श. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा, हिंदीचे वेगळे. राज्य शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात प्रमाण वर्णमाला दिलीय ती काढून बघ. बऱ्याच फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, भाषा मराठी निवडली की बदलतात, न निवडता "पलूस" आणि "शाळेच्या दिवशी" लिहिलं की हिंदी पाटी वाटते. टिरो देवनागरी मराठी तर खास मराठी रूपं धरूनच केलाय, पण तो पुस्तकी वळणाचा आहे, भिंतीला नको. दुसरी गोष्ट म्हणजे तुझ्या यादीत कऱ्हाड असणारच. तो अर्धा र नीट येतोय का बघ, कित्येक ठिकाणी "कर्हाड" असा रफार चढवलेला दिसतो आणि आपल्याकडे दऱ्या वेगळ्या आणि दर्या वेगळा. हे बारीक नाही, हे स्पेलिंग आहे.

इलस्ट्रेटरमध्ये काम करत असशील आणि मिरजची वेलांटी म च्या मागे जात असेल तर फॉन्टचा दोष नाही. प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली इंडिक ऑप्शन्स चालू कर आणि पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून साउथ एशियन कंपोजर निवड, इनडिझाइनला वर्ल्ड-रेडी कंपोजर. आणि यादी कुणा डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टात आली असेल तर युनिकोडमध्ये बदलल्यावर एकेक ओळ मूळ कागदाशी ताडून बघ, दोघांनी, एकानं वाचायचं आणि एकानं टिक करायची.

अभ्यासाला म्हणशील तर बापूराव नाईकांचं देवनागरी टायपोग्राफीवरचं तीन खंडांचं काम आहे, भाषा संचालनालयानं १९७१ ला काढलेलं, इंग्रजीत आहे. कॉलेजच्या लायब्ररीत नसेल तर मोठ्या ग्रंथालयात विचार. आणि र. कृ. जोशींचं काम बघ, विंडोजवरचा मंगल फॉन्ट त्यांचा.

नितळ

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं बोलतो. मी पाच वर्षांपूर्वी असंच देवनागरीत मन घालून शिकलो, पोर्टफोलिओत तीन मराठी प्रोजेक्ट होते, आणि मुलाखतीत समोरच्याला एकही वाचता आला नाही. बंगळुरूला पहिली नोकरी मिळाली ती एका इंग्रजी डॅशबोर्डच्या कामावर. हिला पाच आठवड्यांत सबमिशन आहे, वर्षाने नोकरी शोधायचीय. निदान हेच वेळापत्रक मोबाईलवर कसं दिसेल ते फिग्मात, म्हणजे स्क्रीन डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कर आणि सोबत इंग्रजी आवृत्ती ठेव. आणि इन्फर्मेशन डिझाइन म्हणजे फक्त तक्ता नाही, चार्ट पण शिक, पट्ट्यांची सुरुवात शून्यापासून का करायची, गोल चार्ट कधी करायचा नाही, हे बाहेर पहिल्या दिवशी लागतं. मला हे कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितोय.

मधली_ओळ

नितळ, तुझं चार्टचं म्हणणं मान्य, एकदम मान्य. आयसोटाइपवाल्या, म्हणजे चित्रांतून आकडेवारी दाखवणाऱ्या ऑटो नॉयराथचा एक नियम मी अजून रोज वापरते, जास्त दाखवायचं तर चित्र मोठं करायचं नाही, तेवढ्याच आकाराची जास्त चित्रं काढायची, कारण मोठं चित्र उंचीनं दुप्पट केलं की डोळ्याला चौपट दिसतं. हे हिनं शिकायलाच हवं.

पण मुलाखतीत वाचता आलं नाही हे प्रोजेक्ट मराठीत असल्यामुळे नाही रे झालं. प्रोजेक्टसोबत "आधी ४० सेकंद लागायची आता ९ लागतात" हे लिहिलेलं असेल तर ते मराठी न येणाऱ्यालाही कळतं. मी माणसं निवडते तेव्हा तेवढंच बघते, कुणाला दाखवलं, काय चुकलं, काय बदललं. मोबाईलचं मात्र पहिल्या प्रोजेक्टला नको. भिंतीला स्क्रोल नसतो, लपवायला जागा नसते, १३७ फेऱ्या एका नजरेत मावायला हव्यात. तिथं हात बसला की मोबाईल सोपा जातो, उलटं होत नाही.

लीड्सवाला

मूळचा इचलकरंजीचा, आता इंग्लंडात हॉस्पिटलांच्या आतल्या पाट्यांचं काम करतो. चाचणीबद्दल एक गोष्ट सांगायचीय. इथले रस्त्यावरचे बोर्ड जॉक किनिअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या दोघांनी केले, १९६५ पासून देशभर लागू झाले. आधी सगळे म्हणायचे पाटी म्हणजे कॅपिटल्सच हवीत. या दोघांनी मोठी-छोटी अक्षरं मिसळून वापरली, कारण "म्हणजे शब्दाला आकार येतो". भांडण झालं, दुसऱ्या एका अक्षरकाराने कॅपिटल्सचा टाइप पुढे केला, आणि मग एका विमानतळाच्या धावपट्टीवर माणसांना बसवून पाट्या लावलेली गाडी त्यांच्याकडे चालवत आणली आणि कुठल्या अंतरावर वाचता येतं ते मोजलं. मला यात आवडतं ते हे की वाद मतांवर न ठेवता माणसांसमोर पाटी धरली.

आपल्याला कॅपिटल नाहीत, पण आपल्या शब्दाला आकार कुठून येतो? शिरोरेषेच्या वर आणि खाली जे डोकावतं त्यातून. "विटा" ची वेलांटी, "पुणे" चा उकार आणि मात्रा, "मिरज", "सांगली". लांबून वाचताना हा वरखालचा आकार शब्द ओळखायला मदत करतो. म्हणून ताई, पाटीवर जागा वाचवायला वेलांट्या मात्रा चेपलेला फॉन्ट घेऊ नकोस, इंग्रजीशी उंची जुळावी म्हणून तसे फॉन्ट मिळतात आणि चौकटीत छान बसतात, पण भिंतीवर गावं एकमेकांसारखी दिसायला लागतात.

१ आणि ९ चं पण तेच. ९ चा वरचा गोल आणि खालची शेपटी किती उघडी आहे ते फॉन्टागणिक बदलतं. चार फॉन्ट घे, १ आणि ९ मिसळून वीस आकडे छाप आणि घरातल्या चष्मेवाल्या माणसाला दहा पावलांवरून वाचायला लाव. जो फॉन्ट जिंकेल तो घे, तुला आवडो न आवडो.

अक्षरवेडी_सांगली

सगळ्यांचे खूप खूप आभार. अडीच आठवड्यांनी लिहितेय कारण मधे खरंच स्टँडवरच होते. सगळं सांगते.

मधली_ओळ ताई, दोन तास नाही, तीन दिवस मिळून सहा तास बसले. ७१ प्रश्न लिहिले, त्यातले ६२ गावाच्या नावानं सुरू झाले. गावं अकारविल्हे लावली. काका, अकरा-आठची चाचणी केली, मी आधी वापरलेला फॉन्ट नापास झाला, आता आकडे सरळ रेषेत आहेत आणि सगळ्या उभ्या रेघा काढून टाकल्या, पाच पाचच्या गटात सोडलंय, तुम्ही सांगितलंत तसं खरंच डोळा तिथं टेकतो. कानामात्रा सर, कऱ्हाड तपासलं, यादीत तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं होतं. लीड्सवाले दादा, १ आणि ९ चे चार फॉन्ट छापून बाबांना वाचायला लावले, मला सगळ्यात आवडलेला फॉन्ट शेवटून पहिला आला, तो सोडला.

पण मुख्य सांगायचंय ते वेगळंच. मला परदेशातल्या स्टेशनांवरचं वेळापत्रक आवडलं होतं, जपानमध्ये असतं तसं, डावीकडे तासाचा आकडा ठळक आणि त्याच्यापुढे ओळीत नुसती मिनिटं. म्हणजे ९ लिहायचा आणि पुढे ०५ १५ ४५. जागा निम्म्यानं वाचते, दिसतं पण फार सुंदर. सरांनाही आवडलं. तसं करून खऱ्या मापात छापून कंट्रोलर काकांच्या परवानगीनं चौकशीशेजारी लावलं आणि येणाऱ्यांना विचारत बसले.

एक आजोबा आले, पांढरी टोपी, हातात खताची रिकामी पिशवी. म्हणाले पावणेदहाची विटा हाय ना? मी म्हटलं तुम्हीच बघून सांगा. त्यांनी विटा दोन सेकंदात शोधलं, मला इतका आनंद झाला. मग बोट खाली सरकवत १० वर नेलं आणि ती ओळ दोनदा वाचली, ००, २०, ४०. म्हणाले, "काढली वाटतं ती गाडी." गाडी होती, ९ च्या ओळीत शेवटी, ४५. पण ते पावणे"दहा" म्हणत होते म्हणून दहातच शोधत होते! मला वाटलं एखाद्याचं होतं असं, पण दिवसभरात ४५ मिनिटांच्या गाडीवर विचारलेल्या अकरा जणांपैकी सात जण पुढच्या तासात गेले. त्यात एक कॉलेजची मुलगी पण होती. आपण वेळ बोलतोच अशी की पावणेदहा दहाकडची असते, आणि दीडची गाडी शोधताना १ बघावा का २ हा विचार करायला माणूस थांबतो. २४ तासांचा १३:३० तर बऱ्याच जणांनी वाचून सोडूनच दिला.

म्हणून तासांच्या ओळी मोडल्या. आता गावाखाली पूर्ण वेळ आहे, ९:४५ अशी, आणि १३ वगैरे न करता पहाटे, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री असे पाच रकाने आहेत. जागा जास्त लागली, कागद दीडपट झाला, "मार्गे" ची माहिती बारीक अक्षरात खाली न्यावी लागली. त्याच आजोबांना परत गाठता आलं नाही पण दुसऱ्या दिवशी नऊ जणांना पावणेची गाडी विचारली, नऊच्या नऊ बरोबर. सरासरी ८ सेकंद.

आता एकच अडलंय. दुपार कुठे संपवायची? मी चारला संपवली तर साडेचारच्या गाडीला काही बायका "दुपारची" म्हणतात आणि काही "संध्याकाळची".

जुळारी

आमच्याकडे लग्नपत्रिकेवर मुहूर्त चार वाजून काही मिनिटांचा असला की वडील पत्रिका आणणाऱ्यालाच विचारायचे, तुमच्याकडं काय म्हणतात ते सांगा, तसं जुळवतो. बहुतेक जण चार पंचवीस पर्यंत दुपारी लिहायला सांगायचे आणि गोरज मुहूर्त असेल तर सायंकाळी. तू पाचला तोड आणि परत लावून बघ. आणि प्रूफ मला इथं टाक, मी भिंग घेऊन बसतो.

मधली_ओळ

पाचला तोड. आणि ते आजोबांचं बोट १० वर कसं गेलं त्याचा फोटो असेल तर पोर्टफोलिओच्या पहिल्या पानावर तोच लाव, सुंदर दिसणारं आधीचं पान त्याच्या शेजारी.

अक्षरवेडी_सांगली

फोटो आहे ताई. बोट आहे, चेहरा नाही, त्यांना विचारूनच काढला होता. पाचला तोडून उद्या सकाळी सहाच्या आत लावते, पहिली पंढरपूर सुटायच्या आधी. काका, प्रूफ आज रात्री टाकते.